जुन्या-नव्याची जोडी : घरगुती स्टीरिओ आणि बिनतारी स्पीकरांच्या पिढ्या

घरातल्या एका खोलीत दोन स्पीकर काही अंतरावर मांडावेत, त्यांच्यासमोर बसावे आणि गायिकेचा आवाज मधोमध, तबला एका अंगाला, सारंगी दुसऱ्या अंगाला असल्याचा भास अनुभवावा, ही ऐकण्याची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्यमवर्गीय घरांत रुजली. ध्वनी दोन स्वतंत्र वाहिन्यांतून नेऊन दोन स्पीकरांमधून एकाच वेळी ऐकवण्याच्या या पद्धतीला स्टीरिओ म्हणतात. गेल्या वीस वर्षांत या दोन स्पीकरांकडे जाणारी तार नाहीशी होऊ लागली आणि तिच्याबरोबर ग्राहकापुढे एक नवा पेच आला : आधीच्या पिढीचा, स्वस्तात मिळणारा बिनतारी स्पीकर घ्यावा, की चालू पिढीचा, महाग आणि अधिक सोयींचा? तारेच्या काळातही जुने आणि नवे स्पीकर शेजारी शेजारी विकले जात, पण तेव्हा निवड कानाने होत असे. आज ती कानाने होऊ शकत नाही, कारण जुना स्पीकर चांगला वाजतो की नाही यापेक्षा तो पुढेही वाजू दिला जाईल की नाही, हा प्रश्न मोठा झाला आहे. हा बदल कसा घडला हे समजण्यासाठी स्टीरिओच्या इतिहासात जुन्या आणि नव्या यंत्रांचे परस्परांशी नाते काय होते, हे पाहावे लागते.

दोन वाहिन्यांची गरज मुळात माणसाच्या दोन कानांतून निर्माण झाली. एका बाजूने आलेला ध्वनी जवळच्या कानाला आधी आणि दूरच्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हा फरक जास्तीत जास्त 0.6 ते 0.7 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, आणि तेवढ्यावरून मेंदू ध्वनीची दिशा ठरवतो. या शक्तीचा उपयोग करून घेण्याचा पहिला जाहीर प्रयोग 1881 साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत प्रदर्शनात झाला. क्लेमाँ आदेर या अभियंत्याने पॅरिस ऑपेराच्या रंगमंचाच्या कडेने टेलिफोनचे मायक्रोफोन ओळीने लावले आणि त्यांच्या तारा प्रदर्शनाच्या दालनात आणल्या. तेथे प्रेक्षक दोन कानांना दोन वेगळी श्रवणयंत्रे लावून ऐकत, आणि गायक मंचावर इकडून तिकडे गेल्याचे त्यांना जाणवत असे. स्पीकर तेव्हा अस्तित्वात नव्हता, तरी दोन कानांना दोन वेगळे ध्वनी पोहोचवण्याचे तत्त्व तेथे पूर्णपणे सिद्ध झाले होते.

या तत्त्वाला घरात वापरता येईल अशा तंत्राचे रूप देण्याचे श्रेय ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याकडे जाते. 1931 च्या डिसेंबरात त्याने पेटंटसाठी जो अर्ज केला, त्यात दोन मायक्रोफोनांची रचना, दोन वाहिन्यांची बेरीज आणि वजाबाकी करण्याचे मंडल आणि एकाच खोबणीच्या दोन भिंतींवर दोन ध्वनी कोरण्याची पद्धत या सर्वांचा समावेश होता. पुढील तीस वर्षांतले बहुतेक स्टीरिओ तंत्र या एका दस्तऐवजात बीजरूपाने सापडते. 1934 च्या जानेवारीत लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत टॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण या पद्धतीने झाले. परंतु बाजार त्यासाठी तयार नव्हता, आणि 1942 साली रडारच्या चाचणीसाठी निघालेले विमान कोसळून ब्लमलाइन वयाच्या 38 व्या वर्षी मरण पावला. त्याची तबकडी बाजारात यायला त्यानंतर आणखी पंधरा-सोळा वर्षे लागली.

दरम्यान स्पीकर हे यंत्र जवळजवळ पूर्णत्वाला पोहोचले होते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये जी रचना मांडली, तीत चुंबकाच्या फटीत तारेचे एक वेटोळे असते, त्याला कागदाचा शंकू जोडलेला असतो, आणि वेटोळ्यातून संगीताचा विद्युत्प्रवाह गेला की शंकू पुढेमागे हलून हवा ढकलतो. आज दुकानात मिळणारा जवळजवळ प्रत्येक स्पीकर, तो बिनतारी असो वा तारेचा, याच रचनेचा आहे. 1954 मध्ये एडगर विलचर यांनी हवाबंद लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला; 1961 मध्ये ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील आणि सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी सिडनी विद्यापीठातील रिचर्ड स्मॉल यांनी शंकूचे गुणधर्म आणि पेटीचे आकारमान यांचे गणित इतके स्पष्ट केले की चांगला स्पीकर बांधणे ही कारागिराच्या अंदाजाची बाब न राहता हिशेबाची बाब झाली. येथे एक निष्कर्ष आपोआप निघतो आणि तो खरेदीच्या वेळी फार उपयोगी पडतो : ज्या यंत्राचे मूळ तत्त्व शंभर वर्षांचे आहे आणि ज्याचे गणित पन्नास वर्षांपूर्वी पूर्ण झाले, त्याच्या दोन लागोपाठच्या पिढ्यांत पाच-सात वर्षांच्या अंतराने आकाश-पाताळाचा फरक पडत नाही.

तारेच्या स्पीकरला काहीही कळत नसे, आणि हेच त्याचे मोठे सामर्थ्य होते. त्याच्या पाठीवर धन आणि ऋण अशी दोन टोके असत, त्यांना कोणत्याही कंपनीच्या ॲम्प्लिफायरच्या, म्हणजे ध्वनीचा दुर्बळ प्रवाह सबळ करणाऱ्या यंत्राच्या, तारा जोडता येत, आणि त्या यंत्राचे वय किंवा कुळ स्पीकर विचारत नसे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात जो इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार वाढला, तो या उघड्या रचनेवरच वाढला. फाटलेला शंकू बदलणे, जळलेले वेटोळे नव्याने गुंडाळणे, शंकूच्या कडेचा फोम दमट हवेने भुगा होऊन गळला की तेथे रबराची कड चिकटवणे, ही कामे करणारा कारागीर स्पीकर कोणत्या साली बनला याची पर्वा करत नसे, कारण त्याच्या हातातल्या वस्तूत कागद, तार, चुंबक आणि लाकूड यांखेरीज काही नव्हते. कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत कोणतेही विजेचे यंत्र लवकर जुने होते. तरीही चाळीस वर्षांपूर्वीची स्पीकरची जोडी आज वाजताना सापडते, ती या दुरुस्तीयोग्यतेमुळे.

स्टीरिओ घराघरांत शिरला तो जुन्याशी जुळवून घेत, आणि या इतिहासातील सर्वांत शिकण्याजोगा भाग हाच आहे. तबकडीच्या बाबतीत वेस्ट्रेक्स कंपनीने 1957 मध्ये जी पद्धत पुढे आणली, तीत खोबणीच्या दोन भिंती उभ्या रेषेशी 45 अंशांचा कोन करतात आणि प्रत्येक भिंतीवर एकेक वाहिनी कोरलेली असते. या भूमितीचा परिणाम असा होतो की सुईच्या आडव्या हालचालीत दोन्ही वाहिन्यांची बेरीज आणि उभ्या हालचालीत त्यांची वजाबाकी सामावते. जुन्या एकवाहिनी तबकड्या आडव्या हालचालीच्याच असल्याने त्या नव्या सुईवर निर्धोक वाजत. घरातला संग्रह एका रात्रीत निकामी झाला नाही. उलट बाजूने थोडी अडचण होती, कारण जुनी कडक सुई उभ्या हालचालीला दाद देत नसल्याने नवी खोबणी खरवडली जाऊ शके. परंतु त्यासाठी सुई तेवढी बदलावी लागे, ग्रामोफोन नव्हे. 1958 पासून अशा तबकड्या बाजारात येऊ लागल्या.

नभोवाणीच्या क्षेत्रात हे जुळवून घेणे आधी ओबडधोबड होते. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूक्यूएक्सआर केंद्राने 1952 मध्ये एक वाहिनी एएम लहरींवर आणि दुसरी एफएम लहरींवर पाठवली, तर बीबीसीने 1958 मध्ये एक वाहिनी रेडिओवरून आणि दुसरी दूरचित्रवाणीच्या ध्वनिप्रक्षेपकावरून पाठवून पाहिली. श्रोत्याने दोन संच खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवायचे आणि त्यांच्या मधोमध बसायचे, अशी ती योजना होती; स्पीकरकडे तार न जाता घरात उभा राहिलेला हा एक सुरुवातीचा स्टीरिओ म्हणता येईल. त्यात जे दोष दिसले, तेच आज बिनतारी स्पीकरांची विजोड जोडी लावणाऱ्याला पुन्हा भेटतात. दोन संचांचे नाद वेगळे, एएमचा स्वरपल्ला आखूड आणि खरखरीत, एफएमचा स्वच्छ. त्यामुळे मध्यभागी उभा राहायला हवा तो गायक एका बाजूला सरकत असे आणि उंच स्वर लागला की त्याची जागा बदलत असे. जोडीतील दोन्ही स्पीकर एकाच घडणीचे असले पाहिजेत, हा नियम या प्रयोगांनी अनुभवाने पटवून दिला.

या अडचणीवरचे उत्तर 1961 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या एफएम स्टीरिओ पद्धतीत मिळाले, आणि ते उत्तर इतके सुज्ञ होते की त्याची थोडी फोड करणे योग्य ठरेल. मुख्य लहरीवर डाव्या आणि उजव्या वाहिन्यांची बेरीज पाठवायची. त्यांची वजाबाकी 38 किलोहर्ट्झच्या उपलहरीवर, म्हणजे मानवी कानाच्या पल्ल्यापलीकडे, चढवायची. आणि 19 किलोहर्ट्झचा एक खुणेचा स्वर सोबत पाठवायचा. जुन्या रेडिओला फक्त बेरीज ऐकू येते, म्हणजे संपूर्ण संगीत एकाच वाहिनीत मिळते आणि त्याचे काहीही बिघडत नाही. नवा रेडिओ खुणेचा स्वर ओळखून बेरजेत वजाबाकी मिळवतो आणि दोन वाहिन्या पुन्हा वेगळ्या काढतो. ब्लमलाइनच्या मांडणीतील बेरीज-वजाबाकीचा असा सार्वजनिक उपयोग झाला. नव्या पद्धतीने जुन्या यंत्राच्या मालकाला इजा करता कामा नये, ही अट येथे नियामक संस्थेने पाळायला लावली होती, ती उत्पादकांच्या मर्जीवर सोडलेली नव्हती. या गोष्टीचे महत्त्व पुढे बिनतारी स्पीकरांच्या काळात ती अट नाहीशी झाल्यावर लक्षात येते.

स्पीकरची तार काढून टाकण्यासाठी आधी लहरी मोकळ्या व्हाव्या लागल्या. भारतात 1933 च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय बिनतारी उपकरण जवळ बाळगणे हाच गुन्हा होता, आणि साध्या रेडिओसाठीही टपाल कचेरीत वार्षिक परवाना शुल्क भरण्याची पद्धत कित्येक दशके चालली. अमेरिकेच्या संपर्क आयोगाने 1985 मध्ये 900 मेगाहर्ट्झच्या आसपासचा, 2.4 गिगाहर्ट्झचा आणि 5.8 गिगाहर्ट्झचा असे तीन पट्टे अल्प शक्तीच्या विस्तारित प्रक्षेपणासाठी परवानामुक्त केले, आणि वाय-फाय व ब्लूटूथ ही दोन्ही तंत्रे त्या निर्णयाच्या पायावर उभी राहिली. भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 च्या अधिसूचनेने परवान्यातून सुटला. आज मराठी घरातल्या दिवाणखान्यात वाजणारा प्रत्येक बिनतारी स्पीकर कायद्याने निर्वेध आहे, तो अशा सवलतींमुळे.

ब्लूटूथचे काम स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत 1994 मध्ये सुरू झाले आणि 1998 मध्ये एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी त्यासाठी संघ स्थापला. त्याचा मूळ हेतू दोन उपकरणांमधली छोटी केबल काढून टाकणे हा होता; स्टीरिओ संगीत नेण्याची रीतसर पद्धत 2003 मध्ये आली. या पद्धतीत एसबीसी नावाची जी मूलभूत संपीडन-पद्धती आहे, म्हणजे ध्वनीतील कमी जाणवणारा भाग गाळून माहिती लहान करण्याची जी रीत आहे, ती सेकंदाला सुमारे 328 किलोबिटपर्यंत माहिती नेते, तर सीडीवर तोच दर 1411 किलोबिट असतो. तरीही ब्लूटूथचा खरा उणेपणा या आकड्यांत नव्हता, कारण सामान्य खोलीत, सामान्य आवाजात हा फरक बहुतेकांना जाणवत नाही. उणेपणा असा होता की ही पद्धत एका उगमाकडून एकाच ग्राहकयंत्राकडे जाण्यासाठी आखलेली होती. डावा आणि उजवा असे दोन स्वतंत्र बिनतारी स्पीकर जोडायचे तर पहिल्याने दुसऱ्याला ध्वनी पुढे पाठवायचा, आणि हे पाठवणे प्रत्येक कंपनीने आपापल्या खासगी रीतीने बसवले. म्हणून एका कंपनीचा ब्लूटूथ स्पीकर दुसरीच्या स्पीकरशी जोडी करत नाही आणि पुष्कळदा त्याच कंपनीच्या पुढच्या पिढीशीही करत नाही. ही उणीव मुळातून दूर करणारी व्यवस्था ब्लूटूथच्या 5.2 आवृत्तीत, 2020 साली, पायाभूत स्वरूपात आली आणि एलई ऑडिओ या नावाने 2022 मध्ये तिची मानके पूर्ण झाली.

जोडीच्या बाबतीत वेळेचा मेळ किती कडक लागतो, हे येथे सांगणे आवश्यक आहे. दोन स्पीकरांमध्ये एक मिलिसेकंदाचा फरक पडला, म्हणजे एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा सुमारे 34 सेंटिमीटर मागे ठेवल्याइतका उशीर झाला, तरी मधला गायक जवळजवळ पूर्णपणे आधी वाजणाऱ्या स्पीकरकडे सरकतो. हेल्मुट हास यांच्या 1949 च्या संशोधनामुळे कानाचा हा पक्षपात सर्वश्रुत झाला. वेगवेगळ्या खोल्यांत एकच गाणे वाजवताना वीस-तीस मिलिसेकंद मागेपुढे झाले तरी चालते, पण एका खोलीतील डाव्या-उजव्यात एकाचाही फरक चालत नाही. तारेत हा प्रश्नच उद्भवत नव्हता. बिनतारी स्पीकरमध्ये प्रत्येक पेटीत स्वतंत्र घड्याळ, स्वतंत्र संगणक आणि स्वतंत्र साठवण असते, आणि दोन घड्याळे सतत एकमेकांशी जुळवत राहावी लागतात. जोडीसाठी दोन्ही स्पीकर एकाच प्रकारचे असावेत असा आग्रह कंपन्या धरतात, त्यात विक्रीचा स्वार्थ असला तरी हे तांत्रिक कारणही खरे आहे.

वाय-फायवरून संगीत नेण्याची वाट एकविसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत रुळली. स्लिम डिव्हायसेस या लहान कंपनीने 2001 मध्ये घरच्या संगणकातील गाणी नेटवर्कवरून संगीतसंचाला पुरवणारे यंत्र काढले, ॲपलने 2004 मध्ये एअरट्यून्स ही तशीच सोय आणली, आणि कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा येथे 2002 मध्ये स्थापन झालेल्या सोनोसने 2005 च्या प्रारंभी झेडपी 100 हे यंत्र विक्रीस काढले. या पहिल्या यंत्राकडे आज विशेष लक्ष द्यायला हवे : त्यात नेटवर्क होते, ॲम्प्लिफायर होता, पण स्पीकर नव्हता. त्याच्या पाठीवर कोणत्याही जुन्या स्पीकरच्या तारा खोचण्यासाठी टोके होती. म्हणजे बिनतारी युगाने पहिले पाऊल टाकताना घरातल्या जुन्या जोडीचा मान ठेवला होता. 2009 मध्ये आलेल्या आणि पुढे प्ले:5 या नावाने ओळखल्या गेलेल्या स्पीकरने मात्र संगणक, ॲम्प्लिफायर आणि शंकू एकाच बंद पेटीत घातले. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी सोय होती, आणि ती तशीच विकली गेली. परंतु त्या दिवसापासून पन्नास वर्षे टिकणारा शंकू आणि दहा वर्षांत म्हातारा होणारा संगणक यांची एका पेटीत गाठ मारली गेली, आणि पेटीचे आयुष्य त्यांतील अल्पायुषी भागावर ठरू लागले.

या गाठीचे परिणाम पुढील दशकात एकामागून एक दिसले. स्लिम डिव्हायसेस 2006 मध्ये लॉजिटेकने विकत घेतली आणि 2012 मध्ये तिच्या स्क्वीझबॉक्स यंत्रांचे उत्पादन थांबले. तरी त्यांचे सर्व्हर सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचे असल्यामुळे, म्हणजे त्याचे मूळ लेखन सर्वांना वाचण्यास व सुधारण्यास खुले असल्यामुळे, स्वयंसेवकांनी ते जिवंत ठेवले आणि ती यंत्रे आजही वाजतात. सोनोसने 2020 च्या जानेवारीत जाहीर केले की पहिले झोन प्लेयर, जुने कनेक्ट आणि पहिल्या पिढीचे प्ले:5 यांना मे महिन्यापासून नवे सॉफ्टवेअर मिळणार नाही आणि एका घरात जुनी-नवी यंत्रे एकत्र असली तर सर्वच संच मागे राहील. ग्राहकांचा संताप इतका झाला की कंपनीच्या प्रमुखांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली, आणि शेवटी जुन्यांसाठी एस 1 आणि नव्यांसाठी एस 2 अशा दोन वेगळ्या व्यवस्था करण्यात आल्या. त्याआधी सवलतीच्या मोबदल्यात जुना, चालू स्पीकर 21 दिवसांनी कायमचा बंद पाडणारी एक योजनाही होती. ती 2020 मध्येच मागे घ्यावी लागली. चांगला वाजणारा शंकू आणि चुंबक सॉफ्टवेअरच्या एका आज्ञेने कचरा ठरावेत, ही कल्पना 1961 च्या एफएम अभियंत्यांना सुचली नसती आणि सुचली असती तरी त्यांना ती मंजूर करून घेता आली नसती.

इतर उदाहरणे थोडक्यात पाहता येतात. ॲपलचा होमपॉड 2018 च्या फेब्रुवारीत आला, त्याला जोडीने वाजण्याची सोय मे महिन्यात मिळाली, 2021 मध्ये तो बंद झाला आणि 2023 मध्ये त्याची दुसरी पिढी आली. पहिल्या आणि दुसऱ्या पिढीचे होमपॉड एकमेकांशी स्टीरिओ जोडी करत नाहीत, त्यामुळे जुन्या जोडीतला एक बिघडला तर मालकाला जुन्या बाजारात त्याच पिढीचा दुसरा शोधावा लागतो. गुगलचे क्रोमकास्ट ऑडिओ हे कोणत्याही जुन्या संचाला बिनतारी करणारे छोटे, स्वस्त आणि अतिशय उपयुक्त यंत्र 2015 मध्ये निघाले आणि 2019 च्या प्रारंभी त्याचे उत्पादन थांबले; 2025 च्या मार्चमध्ये त्याची ओळख पटवणाऱ्या अंकीय प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपल्याने जगभरची ही यंत्रे अचानक मुकी झाली आणि कंपनीने दुरुस्ती पाठवेपर्यंत मुकीच राहिली. बोस कंपनीने 2013 मध्ये आणलेल्या साउंडटच मालिकेची इंटरनेटवरील सेवा 2026 मध्ये थांबवण्याची घोषणा 2025 मध्ये केली. त्या स्पीकरांचे ब्लूटूथ आणि तारेची खाच मात्र त्यानंतरही चालेल असे सांगण्यात आले. या सर्व घटनांत एक गोष्ट समान आहे. यंत्राचा कोणताही भाग झिजला नव्हता; दूर कोठेतरी असलेला करार संपला होता.

नव्या पिढ्यांनी काहीच दिले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज या तीन गोष्टी एकदम मिळत नाहीत, हा स्पीकर-विद्येतील जुना नियम आहे. नव्या स्पीकरांनी तो मोडला नाही, पण तिसऱ्या गोष्टीवर पाणी सोडून पहिल्या दोन मिळवल्या. वीज फारशी वाया न घालवणारे आणि नखाएवढ्या चिपमध्ये मावणारे डी वर्गाचे ॲम्प्लिफायर स्वस्त झाले, आणि शंकू किती हलतो यावर क्षणोक्षणी लक्ष ठेवून त्याला मर्यादेत ठेवणारी अंकीय प्रक्रिया पेटीतच बसली. केईएफ या 1961 मध्ये स्थापन झालेल्या इंग्रज कंपनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिचा एलएस 50 वायरलेस हा 2016 चा स्पीकर नावाने बिनतारी असला तरी त्याच्या डाव्या-उजव्या पेट्यांना जोडणारी केबल अनिवार्य होती. 2020 च्या दुसऱ्या पिढीत ही केबल ऐच्छिक झाली, बिनतारी जोडणीत ध्वनी 24 बिट, 96 किलोहर्ट्झपर्यंत आणि केबल लावल्यास 192 किलोहर्ट्झपर्यंत जाऊ लागला, आणि उच्च स्वर काढणाऱ्या घुमटाकार पडद्यामागे परत फिरणारा ध्वनी शोषणारी चक्रव्यूहासारखी चकती बसवली गेली. येथे नवी पिढी खरोखर सुधारलेली आहे. तरीही दुसऱ्या पिढीतसुद्धा उत्तम ध्वनीसाठी केबलच लावावी लागते, आणि दोन्ही पेट्यांना भिंतीतून वीज पुरवणारी वायर तर लागतेच.

या इतिहासातून खरेदीदारासाठी काही ठाम गोष्टी निघतात. स्टीरिओसाठी बिनतारी स्पीकर घ्यायचे तर दोन्ही एकाच वेळी, एकाच पिढीचे आणि शक्य तर एकाच खोक्यातले घ्यावेत. एक जुना घरात आहे म्हणून त्याच्या जोडीला नवा आणण्याचा विचार बहुतेक वेळा फसतो. सोनोसचे 2017 चे वन आणि 2023 चे एरा 100 हे आकाराने सख्खी भावंडे वाटले तरी त्यांची डावी-उजवी जोडी होत नाही, हे पैसे दिल्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. महाराष्ट्रातील शहरी घरांत काँक्रीटच्या भिंती आणि शेजाऱ्यांच्या राउटरांची दाटी असल्याने 2.4 गिगाहर्ट्झवर गर्दी होते आणि 5 गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपलीकडे दुबळ्या पडतात. म्हणून इथरनेटची, म्हणजे नेटवर्कच्या तारेची, खाच असलेला स्पीकर अशा घरात अधिक भरवशाचा ठरतो, मग तो जुना का असेना. पाच-सात वर्षांचा जुना स्पीकर निम्म्या किमतीत मिळत असेल तर ध्वनीच्या दृष्टीने तो सौदा प्रायः चांगला असतो, कारण शंकूचे शास्त्र तेवढ्या काळात हलत नाही. परंतु त्याला ॲनालॉग किंवा ऑप्टिकल तारेची खाच आहे काय, ॲपलच्या एअरप्ले किंवा ब्लूटूथसारखी अनेक कंपन्यांनी मान्य केलेली वाट आहे काय, आणि उत्पादकाचे ॲप नसतानाही तो वाजतो काय, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळायला हवीत.

ज्याला जागा आहे आणि वायर दिसली तरी चालते, त्याच्यासाठी सर्वांत शहाणपणाचा मार्ग 2005 च्या त्या पहिल्या यंत्राने दाखवला होता तोच आहे : तारेचे चांगले स्पीकर एकदाच घ्यावेत, ॲम्प्लिफायरही साधा घ्यावा, आणि बिनतारी काम एका छोट्या, वेगळ्या, बदलता येणाऱ्या यंत्राकडे सोपवावे. ते यंत्र आठ-दहा वर्षांनी निकामी झाले तर तेवढेच बदलता येते. ज्याला बंद पेटीचीच सोय हवी आहे, त्याने तारेची खाच नसलेला जुना बिनतारी स्पीकर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, आणि नवा घेताना सॉफ्टवेअर किती वर्षे पुरवले जाईल हे दुकानदाराला विचारावे. ब्रिटनमध्ये 2024 च्या एप्रिलपासून लागू झालेल्या कायद्याने नेटवर्कला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांच्या उत्पादकांना सुरक्षेचे अद्यतन किमान कोणत्या तारखेपर्यंत मिळेल हे जाहीर करणे बंधनकारक केले आहे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आहे. त्यापुढचे पाऊल म्हणून स्पीकरच्या खोक्यावर किमतीशेजारी सेवा संपण्याची तारीख छापण्याची सक्ती येथेही व्हावी, आणि ती होईपर्यंत प्रत्येक ग्राहकाने ही तारीख विकत घेण्यापूर्वी लेखी मागावी.